हंगामाच्या दहा कोटी नोंदी आणि एक नकाशा

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ऊस, पाऊस, पालखी, धरण असे त्यांचे विषय वेगवेगळे असले, तरी सगळ्यांचे घोडे एकाच ठिकाणी अडले आहे: तारीख-वेळ लागलेल्या प्रचंड नोंदी इंटरनेटवरच्या हलत्या नकाशावर दाखवायच्या कशा? जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी भूमाहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या ३०० ऊसवाहतूक वाहनांच्या जीपीएस नोंदी मला प्रकल्पासाठी मिळाल्या आहेत. दर ३० सेकंदांना एक नोंद, असा १२० दिवसांचा हंगाम आहे. केवळ एका आठवड्याची जिओजेसन फाइल (भौगोलिक नोंदी मजकुराच्या रूपात साठवणारी) लीफलेट या वेब-नकाशाच्या साधनावर चढवून पाहिली, तर ब्राउझर बंद पडतो. अधिक ताकदीचा संगणक घ्यावा का? (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : संगणक घेण्यापूर्वी कागदावर एक हिशेब मांडा. दर ३० सेकंदांना एक म्हणजे एका वाहनाच्या दिवसाला २,८८० नोंदी, ३०० वाहनांच्या ८,६४,००० आणि १२० दिवसांच्या १० कोटी ३६ लाख ८० हजार. आता आपल्यासमोरचा पडदा पाहा. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. भागाकार नेमका ५० येतो, म्हणजे पडद्याचा प्रत्येक ठिपका, रानमाळ आणि नदीपात्रासह, आपण व्यापला तरी प्रत्येकावर पन्नास नोंदी एकावर एक बसतील. प्रत्यक्षात वाहने रस्त्यांवर आणि केनयार्डातच (कारखान्यातील ऊसवाहनांच्या तळावर) असल्यामुळे तेथे हजारोंचा ढीग होईल आणि बाकीचा जिल्हा रिकामा राहील. सगळ्या नोंदी दाखवणे हे उद्दिष्टच येथे चुकीचे आहे, आणि ते कितीही महागड्या संगणकाने बरोबर ठरणार नाही.

ब्राउझर का बंद पडतो, हेही पाहू. जिओजेसनमधील आपली एक नोंद उघडून बघा. ‘टाइप’, ‘फीचर’, ‘प्रॉपर्टीज’, ‘जॉमेट्री’, ‘कोऑर्डिनेट्स’ हे शब्द अवतरणचिन्हांसकट प्रत्येक नोंदीत जसेच्या तसे येतात. त्यांच्या मध्ये ‘एमएच १३’ने सुरू होणारा वाहन क्रमांक आणि पूर्ण लांबीची तारीख-वेळ असते, आणि शेवटी दशांश चिन्हानंतर चौदा-पंधरा अंक मिरवणारे रेखांश-अक्षांश. एका नोंदीला सुमारे १६० अक्षरे धरली, तर आठवड्याच्या ६०,४८,००० नोंदींची फाइल ९७ कोटी अक्षरांची होते. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये एका सलग मजकुराची कमाल मर्यादा सुमारे ५३ कोटी अक्षरांची आहे. म्हणजे आपली फाइल नकाशापर्यंत पोहोचण्याच्या आधीच, वाचतानाच अडकते. समजा ती वाचली गेली असती, तरी लीफलेट आपण सांगितले नाही तर प्रत्येक वर्तुळाकार ठिपक्यासाठी पानावर एक स्वतंत्र घटक तयार करते. काही हजारांपर्यंत हे छान चालते, साठ लाखांना चालत नाही.

दशांशांबद्दल थोडे. अक्षांशाचा पाचवा दशांश अंक जमिनीवर सुमारे १.१ मीटरचा असतो आणि सहावा ११ सेंटिमीटरचा. ट्रॅक्टरवरचे जीपीएस यंत्र काही मीटर इकडे-तिकडे दाखवतेच. असे असताना पंधरा दशांश साठवणे म्हणजे वजनकाट्यावर उसाचे वजन मिलिग्रॅममध्ये लिहिण्यासारखे आहे. रेखांश, अक्षांश आणि वेळ यांना प्रत्येकी ४ बाइट, तर वाहनाच्या अनुक्रमांकाला २ बाइट, असे १४ बाइटांत हेच सारे बसते आणि आठवड्याची १ जीबीच्या आसपासची फाइल ८५ एमबीवर येते. पार्केसारख्या स्तंभवार साठवणाऱ्या स्वरूपात ती आणखी आवळली जाते, कारण शेजारशेजारच्या किमती एकमेकींच्या जवळच्या असतात. हे रूपांतर डकडीबी या विदा हाताळणाऱ्या प्रणालीने साध्या लॅपटॉपवरही होते.

खरी बचत मात्र साठवणुकीच्या प्रकारात नाही, तर नोंदींचा अर्थ लावण्यात आहे. ऊस भरलेली ट्रॉली नंबर लागण्याची वाट पाहत केनयार्डात आठ तास उभी राहिली, तर तेवढ्या वेळात तिच्या ९६० नोंदी होतात आणि त्या सगळ्या एकच गोष्ट सांगतात. त्या पुसून त्यांच्या जागी ‘या ठिकाणी अमुक वाजता आली, तमुक वाजता हलली’ अशी मुक्कामाची एकच नोंद करा. फाइल तर लहान होईलच. शिवाय कारखान्याच्या शेती विभागाला ज्याची सर्वाधिक उत्सुकता असते, तो गव्हाणीपुढचा खोळंबा आपल्या हाती आयता लागेल. चालत्या ट्रॉलीच्या ठिपक्यांमध्ये तो कधीच दिसला नसता.

त्यानंतर जागा आणि काळ दोन्हींचे कप्पे पाडा. जागेसाठी एच३ ही षटकोनी जाळी सोयीची आहे. तिच्या आठव्या पातळीवरील षटकोनाचे सरासरी क्षेत्रफळ ०.७४ चौरस किलोमीटर असते आणि सुमारे १५,००० चौरस किलोमीटरच्या आपल्या जिल्ह्याला असे वीस हजार षटकोन पुरतात. काळाचा कप्पा एक तासाचा ठेवावा की पंधरा मिनिटांचा, हे प्रश्नावर ठरते. फडातून निघालेली ट्रॉली काट्यावर केव्हा पोहोचते हे पाहायचे असेल, तर तास फार मोठा होतो; हंगामाच्या सुरुवातीची आणि अखेरची वर्दळ ताडून पाहायची असेल, तर दिवससुद्धा पुरतो. येथे एक चूक हमखास होते. कप्प्यातील नोंदी मोजू नयेत, वेगवेगळी वाहने मोजावीत. नोंदी मोजल्या, तर एका जागी बंद पडलेला एकच ट्रॅक्टर संपूर्ण बाजारपेठेपेक्षा गडद दिसतो.

ठिपकेच हवे असतील, तर व्हेक्टर टाइल, म्हणजे नोंदी साठवलेले नकाशाचे चौकोनी तुकडे, तयार करा. झूम १० ला (नकाशा जवळ-दूर करण्याच्या दहाव्या पातळीला) संपूर्ण पृथ्वीचे १०,४८,५७६ चौकोन पडतात, त्यांपैकी सोलापूर जिल्ह्याला तीसएक लागतात, आणि वाचक ज्या चार-सहा चौकोनांकडे पाहत असेल, तेवढेच त्याच्याकडे पाठवले जातात. टिपेकनू हे साधन अशा टाइल उत्तम बनवते. त्याला सांगितले, तर टाइल जड होऊ नये म्हणून ते दूरच्या झूमवर दाटीतील ठिपके वगळते. नकाशा त्यामुळे सुबक दिसतो, पण त्या टाइलमधील ठिपके मोजून ‘येथे इतकी वाहने होती’ असे लिहिलेत, तर आकडा खोटा ठरेल. मोजणी नेहमी मूळ नोंदींवर करावी.

प्रश्न : होटगी रस्त्यावरील एका छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयात मी काम करतो. वाहनांच्या नकाशाला आम्ही वेळेचा स्लायडर लावला आहे. एक तर तो ओढताना नकाशा अडखळतो, आणि दुसरे म्हणजे सर्व वाहने दोन-दोन मिनिटे थांबून एकदम उडी मारतात. मूळ नोंदी मात्र दर ३० सेकंदांच्याच आहेत. दोष कोठे असावा?

उत्तर : दोन तक्रारींची दोन निराळी कारणे आहेत. दुसरे अधिक गमतीदार आहे, म्हणून ते आधी घेतो. या खड्ड्यात मी स्वतः तीन दिवस पडून होतो.

संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि हा आकडा आता १७० कोटींच्या पुढे गेला आहे. ग्राफिक्स कार्डाकडे तो बहुधा ३२ बिटांच्या दशांश संख्येच्या रूपात जातो. या प्रकारात १,६७,७७,२१६ पर्यंतच्याच पूर्ण संख्या एकही न चुकता मावतात. त्यापुढे दोन शेजारी संख्यांमधील अंतर वाढत जाते आणि १७० कोटींच्या घरात ते १२८ होते. साहजिकच आपल्या ३० सेकंदांच्या चार-चार नोंदी एकाच क्षणावर जाऊन बसतात आणि वाहने १२८ सेकंदांच्या उड्या मारतात. मिलिसेकंदांत वेळ पाठवून सुटका होत नाही. तेथे ही पायरी सुमारे १३१ सेकंदांची पडते. उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक वेळेतून हंगामाच्या पहिल्या दिवसाचा आरंभ आधीच वजा करा. १२० दिवसांचे १,०३,६८,००० सेकंद होतात आणि ते वरच्या मर्यादेत आरामात बसतात. मर्यादा सुमारे १९४ दिवसांची आहे, म्हणजे गाळप लांबले तरी काळजी नाही.

अडखळण्याचे कारण असे, की स्लायडर हलला की आपण बहुधा नकाशाच्या थराची फिल्टरची अट बदलत असाल. मॅपलिब्रे या ब्राउझरमध्ये नकाशा काढणाऱ्या साधनात अट बदलली की टाइलमधील वस्तूंची मांडणी पुन्हा होते, आणि बोट सरकवताना ती सेकंदाला अनेकदा व्हावी लागते. त्याऐवजी सर्व नोंदी वेळेसकट एकदाच ग्राफिक्स कार्डावर पाठवा आणि नंतर फक्त ‘पासून’ व ‘पर्यंत’ हे दोन आकडे बदला. डेक.जीएल या ग्राफिक्स कार्डावर नोंदी रंगवणाऱ्या साधनात यासाठी तयार सोय आहे. उबरने २०१६ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. मॅपलिब्रेवर हा थर व्यवस्थित बसतो.

वेग ठरवताना घाई करू नका. संपूर्ण हंगाम एका मिनिटात पळवला, तर सेकंदाला दोन दिवस सरतात आणि पडद्यावर नुसती मुंग्यांची वळवळ दिसते. एक दिवस एका मिनिटात दाखवा. सेकंदाला ६० चित्रे धरली तर प्रत्येक चित्रात २४ सेकंद पुढे जातात आणि आपल्या नोंदींच्या लयीशी ते जवळजवळ जुळते. आणखी एक गोष्ट: नेटवर्क गेल्यामुळे दोन नोंदींत वीस मिनिटांचे अंतर पडले असेल, तर त्या सरळ रेषेने जोडू नका. असे केल्याने उसाची ट्रॉली पूल सोडून भीमेच्या पात्रातून गेलेली मी पाहिली आहे. पाच मिनिटांहून अधिक खंड असेल, तेथे रेषा तोडावी.

प्रश्न : मी मंगळवेढा तालुक्यात शिक्षक आहे. महसूल मंडळांच्या दैनंदिन पावसाचे आकडे जमवून विद्यार्थ्यांसह जिल्ह्याचा हलता नकाशा केला. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीचा दिवस सर्वांना आठवतो, पण आमच्या नकाशावर सर्वांत गडद रंग १५ तारखेला येतो. आकडे चुकीचे आहेत का?

उत्तर : गुरुजी, आकडे बरोबर आहेत, तारखेचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या २४ तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या नावावर लिहितात. १५ तारखेच्या रकान्यातील पाऊस १४ च्या सकाळी साडेआठपासून १५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. बंगालच्या उपसागरातून आंध्र किनारा ओलांडून आलेल्या त्या कमी दाबाच्या क्षेत्राने सोलापूर आणि पंढरपूर झोडपले ते १४ तारखेलाच. नोंद मात्र १५ ला झाली. नकाशावर नुसती तारीख लिहू नका, ‘१४ ऑक्टोबर सकाळी ८.३० ते १५ ऑक्टोबर सकाळी ८.३०’ असे पूर्ण लिहा.

याच्या जोडीला जावास्क्रिप्टचे एक खुसपट आहे. वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख दिली, तर ते ती जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र मानते, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. तारखेसोबत तास-मिनिटेही दिली आणि वेळेचा पट्टा सांगितला नाही, तर मात्र स्थानिक वेळ मानते. महावेध या राज्य शासनाच्या हवामान प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांचे तासावार आकडे आणि हे दैनंदिन आकडे आपण एकाच नकाशावर आणणार असाल, तर साडेपाच तासांची ही फारकत आधी मिटवावी लागेल. प्रत्येक वेळेच्या शेवटी ‘अधिक साडेपाच’ लिहून ठेवणे, हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो.

आपण न विचारलेली एक गोष्टही सांगतो, कारण सोबत पाठवलेल्या चित्रांत ती दिसली. आपल्या नकाशात प्रत्येक दिवसाचा रंगपट त्या दिवसाच्या कमाल पावसावरून नव्याने ठरतो. त्यामुळे जूनमधील १२ मिलिमीटरची सरही गडद निळी आणि ऑक्टोबरातील प्रलयही गडद निळा. हलत्या नकाशात रंगांच्या सीमा पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच हव्यात. हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. याच सीमा घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा नुकसानभरपाईचा निकष गावागावांत तोंडपाठ आहे, म्हणून मुसळधारची सीमा लोकांना लगेच उमगेल. यंत्र बंद असल्यामुळे नोंद नसलेली मंडळे करड्या रंगात दाखवा. आपण तेथे शून्य भरले आहे. कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस यांत पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात तरी गल्लत होऊ नये.

आणि वर्गात दाखवताना हलत्या चित्राच्या जोडीला १२ ते १६ ऑक्टोबरचे पाच छोटे नकाशे एका कागदावर शेजारी शेजारी छापा. पुढचे चित्र आले की मागचे डोळ्यांपुढून जाते, आणि मुलांना तुलना करायची असते.

प्रश्न : आषाढी वारीत आमचे मंडळ दिंड्यांबरोबर चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या फोनवरून त्यांची जागा दर मिनिटाला नोंदवते. हा नकाशा सर्वांसाठी खुला करावा का? (पंढरपूर)

उत्तर : जसाच्या तसा करू नये. नावे काढून टाकली, तरी मुक्कामाची जागा आणि वारी संपल्यावर माणूस जेथे पोहोचतो ते घर यांवरून कोण कोठला हे सहज कळते. प्रत्येक मार्गाचा आरंभीचा आणि अखेरचा काही भाग कापून टाका, षटकोनांतील माणसांची संख्या दाखवा, पाचपेक्षा कमी माणसे असलेला षटकोन रिकामा ठेवा आणि प्रत्यक्ष वेळेऐवजी काही तास उशिराने नकाशा पुढे सरकवा. स्वयंसेवकांची लेखी संमतीही घ्या. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा सूरही तोच आहे.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्याचे पाणी दहा वर्षांत कसे वाढले-घटले, हे उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवायचे आहे. शेकडो चित्रे जमली आहेत. ती एकापाठोपाठ एक दाखवली, तर नकाशा फार जड होतो आणि पावसाळ्यात तर नुसते ढग दिसतात. (सेवानिवृत्त अभियंता, करमाळा तालुका)

उत्तर : आपला प्रश्न मला या पाचांत सर्वांत आवडला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रह-मालिकेचा पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये गेला. मालिकेतील दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र देतात आणि त्यातील एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा असतो. ६० किलोमीटर लांब आणि ४० किलोमीटर रुंद चौकट धरली, तर एका चित्रात २ कोटी ४० लाख पिक्सेल होतात. अशी काहीशे चित्रे कोणत्याही फोनला झेपणार नाहीत.

परंतु धरण हे भांडे आहे, आणि येथेच आपली सुटका आहे. पाणी अमुक पातळीच्या खाली गेले की अमुक पिक्सेल उघडा पडतो, आणि पुढच्या वर्षी त्याच पातळीला पुन्हा तोच पिक्सेल उघडा पडतो. गाळामुळे वर्षानुवर्षे थोडा फरक होतो, तो तूर्त सोडून देऊ. निरभ्र दिवसांची चित्रे घ्या, प्रत्येकात पाणी आणि जमीन वेगळी करा, आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लावून प्रत्येक पिक्सेलसाठी ‘हा कोणत्या पातळीला कोरडा होतो’ एवढा एकच आकडा काढा. शेकडो चित्रांचे एकच चित्र होते. दहा वर्षांच्या रोजच्या पातळीचा तक्ता केवळ ३,६५० ओळींचा असतो. स्लायडर तारखेवर ठेवा. तारखेवरून पातळी, आणि त्या पातळीखालचे सर्व पिक्सेल निळे, एवढेच काम ब्राउझरला उरते.

ऑगस्ट-सप्टेंबरात, धरण झपाट्याने भरत असताना आकाश झाकलेले असते. या पद्धतीने ते दिवसही भरून निघतात; मात्र ते पाहिलेले नसून काढलेले आहेत, हे रेघांच्या निळ्या रंगाने वेगळे दाखवावे. शंका असेल, तेथे सेंटिनेल-१ चे रडार चित्र ढगांतूनही पाणी दाखवते, त्याच्याशी ताडून पाहा.

नकाशाच्या सूचीत धरणसाठ्याची टक्केवारी लिहिताना एक खुलासा अवश्य द्या. उजनीची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी असून त्यातील ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. टक्केवारी मोजतात ती उरलेल्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. म्हणून ‘उजनी वजा ५० टक्के’ असे वर्तमानपत्रात आले, तरी धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते आणि नकाशावर निळा पट्टा चांगलाच रुंद दिसतो. हा खुलासा नसेल, तर बाहेरगावचा वाचक आपलाच नकाशा चुकला असे म्हणेल.

नकाशाची परीक्षा घेण्यासाठी दूर जायला नको. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. पाण्याच्या कडेला उभे राहून काढलेली त्यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह फोनमध्ये पडून असतात. त्यांतली आठ-दहा मागून घ्या आणि प्रत्येक तारखेला आपली निळी कड देवळाच्या पायरीपासून किती दूर येते, ते मोजा.